रेसमधनं सुटलेला घोडा फुकट मिळतोय, घेऊ का? आणि घेतला तर त्याला काम काय द्यायचं?

कृष्णाकाठ (वाळवा)

नमस्कार मंडळी, घोड्यातलं कळणारं इथं कुणी असेल तर जरा सविस्तर सांगा. मामांच्या ओळखीचे एक जण पुण्यात रेसचे घोडे बाळगून आहेत, त्यांच्याकडं सहा वर्षांचा एक थरोब्रेड (रेससाठी पैदास करतात ती घोड्याची जात) आहे, खच्ची केलेला, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. पुण्यात आणि मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर धावलाय, थोड्या शर्यती मारल्यात पण फार मोठं नाव नाही. मागच्या सीझनला पुढच्या डाव्या पायाचं टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) दुखावलं आणि तेव्हापासनं पळवलेला नाही. तबेल्याचं बिल महिन्याच्या महिन्याला चालूच आहे, त्यामुळं मालक म्हणतात चांगल्या घरी जात असेल तर एक रुपया नको, घेऊन जावा.

मी बघून आलो. त्याला सांभाळणाऱ्या सईसानं बाहेर काढला, मी नुसता शेजारी उभा राहिलो तर माझ्या बाहीचा वास घेत बसला आणि मग मान खाली सोडून तसाच उभा राहिला. तेव्हापासनं डोक्यातनं जाईना झालाय. सहा वर्षं म्हणजे घोड्याचं काय वय झालं का राव, पंचवीस वर्षं जगतंय ते जनावर.

आमच्याकडं गोठा मोठा आहे, त्यात दोन म्हशी आणि एक खिलार गाय. घरामागं मोकळं रान आहे, बाकी सगळा ऊस, म्हणजे वाढ्याला (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याला) तोटा नाही. आजोबांच्या वेळी घरात घोडी होती त्यामुळं वडलांना थोडंफार कळतं, मी पुण्यात नोकरीला असताना रायडिंग शिकलोय, दुडकी आणि कँटरपर्यंत (दुडकीच्या पुढची, हळू पळण्याची चाल) बसता येतं. पण रेसचा घोडा म्हणजे वेगळं काम आहे एवढं मला समजतंय.

आता प्रश्न असा की ह्याला करायला काय लावायचं. माझ्या डोक्यात लहान पोरांचा रायडिंग क्लास आहे, आमच्या भागात एकपण नाही. चुलते म्हणतात वरातीला लाव, दोन पैसे येतील. गावातली पोरं म्हणतात गाडीला जुंप. आईचं एकच, हा खाणार किती आणि करणार काय. तिचं चूक आहे असं मला वाटत नाही, नुसता दावणीला बांधून ठेवायला मलाही नकोय. कुणाला अनुभव असेल तर खरंखुरं सांगा.

मोतद्दार (खटाव)

भावा, मी पुण्याला आणि मुंबईला रेसच्या तबेल्यात बरीच वर्षं घोडी सांभाळलीत, आता गावाकडं असतो. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण लोकं घोडा घेतल्यावर विचारत्यात, तू आधी विचारलास.

पहिलं हे समजून घे की हे जनावर आजवर जगलंय कसं. दोन वर्षांचं असल्यापासनं शर्यतीत. आपल्याकडं डर्बी पळतो तो घोडा चार वर्षांचा असतो, म्हणजे ह्यांचं सगळं आयुष्य त्या तीन-चार वर्षांत उरकतं. पहाटे अंधारात बाहेर काढायचं, ट्रॅकवर काम, मग फिरवून घाम वाळवायचा, आंघोळ, खरारा (ब्रशनं अंग घासणं), चंदी (ओट-हरभऱ्याचा खुराक), आणि त्यानंतर दिवसभर खोलीत. खायची वेळ ठरलेली, माणूस ठरलेला, रस्ता ठरलेला. असलं जनावर तू एकदम आणून म्हशीशेजारी बांधलंस तर पहिल्या दिवशी ते येडं झाल्यागत करणार, त्यात त्याचा काही दोष नाही. लोकं लगेच म्हणत्यात रेसचा घोडा माजलेला असतो. माजलेला नसतो रे, घाबरलेला असतो.

दुसरं लगामाचं. तू शिकलायस तिथल्या घोड्याला लगाम ओढला की थांबायचं असतं. ह्याला उलटं शिकवलंय, जॉकी लगाम धरून तोंडावर वजन देतो आणि घोडा त्याच्यावर रेलून अजून जोर लावतो. त्यामुळं घाबरून तू दोन्ही हातांनी जेवढं ओढशील तेवढा तो सुटणार. लगाम सैल सोडून, मागं बसून, आवाजानं हळू करायचं हे त्याला नव्यानं शिकवावं लागतं. तसंच पोटाला पाय लावले तर दचकतो, कारण जॉकीचे पाय वर असतात, रिकिबी आखूड असतात, त्याच्या कुशीला कुणाचा पाय फारसा लागलेला नसतो. आणि चढताना उभा राहत नाही. तिथं घोडा चालताचालताच जॉकीला पायाला धरून वर टाकत्यात, तर हा उभा राहणार कसा. हे सगळं शिकतो, हुशार जात आहे, पण शिकवणाऱ्याला घाई नको.

तिसरं, आणल्यावर पहिले दोन-तीन महिने पाठीवर कुणी बसूच नका. त्याला नुसता मोकळा सोडा, रानात लोळू दे, चरू दे. कित्येक घोडी मी बघितल्यात जी पहिल्यांदा मोकळ्या रानात सोडली तर दारातच उभी राहिली, कुठं जायचं तेच कळंना. मग हळूहळू मान खाली घालून गवताला तोंड लावत्यात. ते बघितलं की आपल्यालाच भरून येतं.

एक विचारून घे, लाकूड चावतो का, वारा गिळतो का, खोलीत एकाच जागी डुलतो का. खोलीत राहून राहून ही खोड लागते. त्यापायी नाही म्हणू नकोस पण माहीत असलेलं बरं.

पशुवैद्य_कराड

घोड्यांच्या केसेस आमच्याकडे गाई-म्हशींच्या मानाने कमी येतात, पण ज्या येतात त्यातल्या बऱ्याच खाण्याच्या असतात, म्हणून आधी खाण्यावरच लिहितो. तुम्ही वाढ्याला तोटा नाही असं लिहिलंय, तिथंच मी थांबलो.

उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट नावाचा क्षार असतो. गाई-म्हशीच्या कोठीपोटातले जिवाणू त्यातलं बरंच मोडून टाकतात, तरीसुद्धा वाढ्यावर ठेवलेल्या जनावरांना कॅल्शियमचा त्रास होतो हे तुम्ही गावात बघितलं असेल. घोड्याला रवंथ नाही, कोठीपोट नाही. ते ऑक्झलेट आतड्यात कॅल्शियमला धरून बसतं आणि मग शरीर हाडातलं कॅल्शियम काढायला लागतं. काही महिन्यांनी घोडा पाय बदलून बदलून लंगडतो, तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. हत्तीगवत म्हणजे नेपिअरचंही तेच. त्यावर लोक ताकद यावी म्हणून गव्हाचा कोंडा घालतात, त्यात फॉस्फरस जास्त, म्हणजे दुखणं अजून वाढतं. तेव्हा वाढं हा मुख्य चारा होऊ शकत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा.

साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते दहा किलो सुका चारा लागतो. ज्वारीचा चांगला वाळलेला कडबा कुट्टी करून, वाळलेलं गवत, आणि सोबत लसूणघास, तिच्यातनं कॅल्शियम मिळतं. कोवळी ज्वारी अजिबात नको. चारा बुरशीचा नको, म्हैस खाते म्हणून घोडा पचवेल असं नसतं. घोड्याला उलटी करता येत नाही, पोट लहान असतं, एकदा पोटशूळ उठला की काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून थोडं थोडं आणि सतत काहीतरी तोंडात राहिलं पाहिजे. रेसच्या घोड्यांमध्ये पोटात अल्सर असणं अगदी कॉमन आहे, कारण चंदी जास्त आणि चारा कमी. आता काम नाही तर ओट आणि हरभरा कमी करायचाच आहे, पण एका दिवसात बंद करू नका, दहा-पंधरा दिवस घेऊन उतरवा.

अजून एक, आणि हे कृपा करून लिहून ठेवा. म्हशीचं पोत्यातलं पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य घोड्याला घालायचं नाही. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. गोठा एकच असेल तर चुकून पाटी इकडची तिकडं होते, म्हणून घोड्याची दावण लांब आणि पाटी वेगळी ठेवा.

आता पाय. टेंडनची दुखापत बरी दिसायला लवकर दिसते, भरून यायला नऊ-बारा महिने घेते, आणि भरल्यावरही ती जागा पहिल्यासारखी लवचिक होत नाही. गुडघ्याखालच्या नळीच्या मागच्या बाजूनं बोटं फिरवून बघा, गरम लागतंय का, फुगवटा आहे का, दाबल्यावर पाय उचलतो का, आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघा. मालकाकडे सोनोग्राफीचे रिपोर्ट असतील तर मागून घ्या, नसतील तर घ्यायच्या आधी एकदा करून घ्या. शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज तुमच्या पुण्याहून येण्याच्या वाटेवरच आहे, तिथं विचारा. लंगडा असला तर घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. त्याचं पुढचं काम काय असेल ते तो पाय ठरवेल, तुमची इच्छा नाही.

लसीत धनुर्वाताची आधी, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि आपल्या गोठ्यात खिळे-तारा असतातच. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद घेतल्याशिवाय घोडा गोठ्यात आणू नका, तो रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. पावसाळ्यानंतर गोमाशांनी सर्रा होतो, ताप येऊन येऊन जातो, घोडा खंगतो, पोटाखाली सूज येते. असं दिसलं की वाट न बघता रक्त तपासा.

बँडवाले (मिरज)

वरातीचं मी सांगतो, आमचा धंदाच आहे. आमच्याकडं काठेवाडी-मारवाडी रक्ताच्या घोड्या आहेत, शिंगरू असल्यापासनं ताशात आणि बँडात वाढलेल्या. पायातळी फटाका फुटला तरी हलत नाहीत. तुमचा घोडा खांद्यालाच सव्वापाच फूट असेल, फेटा बांधलेला नवरदेव त्याच्यावर चढवायचा कसा आणि खाली डीजे लागल्यावर तो उधळला तर पुढं नाचणारी पोरं आणि बायका. असल्या गर्दीत रेसचा घोडा उभा करायला माझं मन होणार नाही. पैसा बघूच नका ह्याच्यात. चुलत्यांना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणा.

कृष्णाकाठ (वाळवा)

डॉक्टर साहेब, मोतद्दार दादा, तुमचे लई उपकार. वाढ्याचं तर मला स्वप्नात पण नसतं आलं, वडलांना वाचून दाखवलं तर म्हणाले आजोबा घोडीला कधी वाढं घालत नव्हते, कडबा आणि हरभराच असायचा, का ते आज कळलं. वरातीचा विषय घरात संपला.

गाडीचं काय? घोडा-बैल शर्यती आमच्या पट्ट्यात होतात, पोरं ऐकत नाहीत. आणि पोरांच्या क्लासचं कुणी बोललं नाही अजून.

खोगीर (वाई)

मी रायडिंग शिकवते, आमच्याकडचे निम्म्याहून जास्त घोडे रेसमधून आलेले आहेत, म्हणून थोडं लांबलचक लिहितेय.

आधी गाडीचं संपवते. सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये परवानगी कायम केली ती बैलगाडा शर्यतीला. घोडा आणि बैल एका गाडीला जुंपणं त्यात येत नाही, पोलीस केस होते. कायदा बाजूला ठेवला तरी बरं झालेलं टेंडन कडक रस्त्यावर गाडी ओढत पळवलं की पुन्हा तुटणार, आणि दुसऱ्यांदा तुटलं की त्या घोड्याला उभं राहणंसुद्धा शिक्षा होते. पोरांना सांगा की हा घोडा शर्यती पळून झालाय, त्याचा वाटा त्यानं दिलाय.

आता काम. रेसमधून आलेला घोडा दुसरं काही करू शकत नाही हा समज पार चुकीचा आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये शो जंपिंगचं वैयक्तिक सोनं ज्या घोड्यानं जिंकलं तो स्नोबाउंड आधी रेसमध्ये धावलेला थरोब्रेड होता. ब्रिटनमध्ये २००० सालापासून ह्याच कामासाठी वेगळी संस्था आहे, रेसमधून निघालेल्या घोड्यांना नवीन शिक्षण द्यायचं आणि त्यांच्यासाठी वेगळ्या स्पर्धा भरवायच्या. अमेरिकेत केंटकीला दरवर्षी मेळावा भरतो, तिथं नुकतेच रेस सोडलेले घोडे दहा वेगवेगळ्या प्रकारांत उतरतात, ड्रेसाज, जंपिंग, पोलो, इतकंच काय गुरं वळायचं काम पण त्यात आहे. आपल्याकडे एवढी मोठी व्यवस्था नाही, पण मुंबई-पुण्यातल्या रायडिंग क्लबांत, पोलोत, जंपिंगच्या मैदानात बघितलंत तर रेसमधून आलेली घोडी जागोजागी दिसतील. आपल्याकडे कुणी हातात घेतला नाही तर काय होतं ते पण बघितलंय, एका हातातून दुसऱ्या हातात जात जात घोडा अशा ठिकाणी पोचतो जिथं त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं. म्हणून तुम्ही विचारताय ह्याचा मला मनापासून आनंद आहे.

पण तुमच्या घोड्याच्या पायाला जंपिंग नको, पोलो नको. दोन्हीत एकदम वळणं आणि झटके असतात. त्याच्यासाठी मला दोन कामं दिसतात. एक म्हणजे सपाटीचं शिक्षण, ज्याला ड्रेसाजचा पाया म्हणतात. मोठी वर्तुळं, सरळ रेषा, चाल बदलणं, थांबणं, मागं सरकणं. त्यात घोड्याची पाठ आणि मागचे पाय तयार होतात, पुढच्या पायावरचं ओझं कमी होतं. रेसच्या घोड्याचं सगळं वजन पुढं पडलेलं असतं, ते मागं घ्यायला शिकवणं हेच खरं त्याचं नवीन शिक्षण. दुसरं म्हणजे मोकळी रपेट, मोठ्या आणि बसता येणाऱ्या माणसांसाठी. मळ्याच्या कडेनं, नदीकाठच्या वाटेनं, चालत आणि दुडकीनं.

लहान पोरांचा क्लास पहिलं वर्षभर तरी ह्या घोड्यावर नको. नवशिका पोरगा तोल गेला की लगामाला लटकतो आणि पायानं पोट आवळतो, आणि ह्या घोड्याला त्या दोन्ही गोष्टींचा अर्थ पळ असाच माहीत आहे, वर मोतद्दार दादांनी लिहिलंच आहे. वर्षभरानं, तो तुमच्या हाताखाली शांत झाला तर, लाँजिंगच्या दोरीवर (लांब दोरी धरून घोडा गोल फिरवतात ती) एकेका पोराला बसवा, दोरी तुमच्या हातात. काही थरोब्रेड इतके मायाळू होतात की पाच वर्षांचं पोर पोटाखालून गेलं तरी पाय हलवत नाहीत, तर काही कधीच होत नाहीत, आणि ते आधी सांगता येत नाही. क्लासच काढायचा असेल तर जोडीला एखादं वयस्कर, समजूतदार देशी तट्टू घ्या. भीमथडी तर आपल्याच मुलखातली जात, काटक, पायाची पक्की, पोरांसाठी उंचीलाही बरी. पोरं तट्टूवर शिकतील, पुढं गेलेली पोरं थरोब्रेडवर. आपल्या भागात सैनिक स्कूल आणि एनडीएची तयारी करणारी किती मुलं-मुली आहेत बघा. एनडीएत घोडेस्वारी शिकवतात. अशा सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना चांगल्या घोड्यावर बसायला मिळालं तर तो क्लास चालेल असं मला खरंच वाटतं.

शिकवताना पहिले आठवडे जमिनीवरूनच. दोरीवर चालवा, थांबवा, दोन्ही अंगांना सारखं वळवा, एका अंगाला तो आखडलेला असणारच. चढायला ओटा करा आणि ओट्यापाशी नुसतं उभं राहायला शिकवा, पाठीवर चढू नका, उभा राहिला की ओट्यावरून उतरून गाजर द्या, पुन्हा उभा करा. कंटाळवाणं वाटेल, पण ह्याच कामातून तो तुमचा होतो. खोगीर नवीन बघा, रेसचं खोगीर नावाला असतं आणि जॉकी पाठीवर टेकतच नाही, तुम्ही टेकणार आहात. आणि ऊसतोडीच्या हंगामात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात तुमच्याकडं, त्या रस्त्यावर पहिल्या वर्षी अजिबात नेऊ नका, आधी रानातून लांबून दाखवा, मग हळूहळू जवळ.

माणदेशी

एक मत मांडतो. पाचगणीच्या टेबललँडवर किंवा वेण्णा लेकला घोडी चालवणाऱ्याला दिला तर त्याचं पोटही चालेल आणि घोड्यालाही काम मिळेल असं मला आधी वाटायचं. पण तिथं दिवसभर दर फेरीला नवा माणूस पाठीवर, त्यातल्या निम्म्यांना बसताच येत नाही, आणि टेबललँड म्हणजे सगळा जांभा दगड. देशी घोडं ते सहन करतं. टेंडन गेलेल्या थरोब्रेडला ते झेपायचं नाही.

लोकांना माहीत नसलेलं एक काम सांगतो. पूर्वी रेसमधनं निघालेली कितीतरी घोडी औषधासाठी जायची. पुण्यातल्या पूनावाला स्टड फार्मची निवृत्त घोडी मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम (रक्तातून काढलेलं औषध) बनवायला दिली जायची, आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. साप चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते आजही घोड्याच्या रक्तातूनच होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्यांचं विष अगदी बारीक मात्रेनं घोड्याला टोचत जातात, त्याच्या अंगात प्रतिकार तयार होतो, मग रक्तातलं पाणी काढून घेऊन त्यावर प्रक्रिया करतात. आमच्या वस्तीवर भुईमूग काढताना घोणस चावलेली बाई त्याच इंजेक्शनावर वाचली. त्या घोड्याचं तोंड आम्ही कुणी बघितलेलं नाही, पण मी घोडं दिसलं की हात जोडतो. तुमच्या घोड्यानं ते काम करावं असं म्हणत नाही, एवढंच म्हणतो की घोड्याचं आयुष्य शर्यतीपुरतं कधीच नव्हतं.

आणि काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते, त्यात घोडा उभा राहिला तर खूर खालनं कुजतो. उभं राहायला मुरूम टाकून उंचवटा करून घ्या. रानही मुरमाड असेल तेवढंच मोकळं सोडायला वापरा.

तरडगावकर

वारीच्या रिंगणासाठी असा घोडा चालेल का? चांदोबाच्या लिंबाला दरवर्षी उभं रिंगण बघतो, अश्व काय धावतात, अंगावर काटा येतो. रेसचा घोडा तर धावायलाच जन्मलेला.

मोतद्दार (खटाव)

माऊली, भाव चांगला आहे पण ते अश्व परंपरेनं ठरलेले असत्यात आणि त्यांना माणसांच्या भिंतीतनं धावायची सवय असते. रेसच्या घोड्याला गर्दी माहीत आहे पण ती कठड्यापलीकडची. इथं वारकरी टापेखालची माती घ्यायला वाकलेले असत्यात, टाळ-मृदंग कानापाशी, घोडा बुजला तर कुणाच्या अंगावर जाईल सांगता यायचं नाही. त्याला वारी दाखवायचीच असली तर लांबनं दाखवू.

कृष्णाकाठ (वाळवा)

खोगीर ताई, तुमचं सगळं लिहिणं मी प्रिंट काढून गोठ्यात लावणार आहे. तट्टूची कल्पना घरात सगळ्यांना पटली, आई म्हणाली मग दोन्ही एकमेकाला सोबत होतील. एनडीएच्या पोरांचं तर मला सुचलंच नव्हतं, आमच्या आष्ट्याच्या अकॅडमीतली चार पोरं आत्ताच विचारायला लागलीत, त्यांना वर्षभर थांबा म्हणून सांगितलंय.

आता पाय दाखवायला डॉक्टर सोबत घेऊन जाणार. रिपोर्ट चांगला आला तर आणायचा कसा? मालक म्हणतात पिकअपमधनं न्या, चार तासांचं तर काम आहे. आणि एकटाच आला, तट्टू मिळेपर्यंत म्हशींबरोबर राहील का?

पशुवैद्य_कराड

उघड्या पिकअपमधून नको. घोडी नेणारी गाडी पुण्यात भाड्यानं मिळते, तीच करा. खाली रबरी मॅट किंवा जाड भुसा, बाजूंना गाद्या, चारही पायांना पट्ट्या. डोकं आखूड बांधू नका, तोंड खाली नेता आलं पाहिजे, नाहीतर नाकातली घाण छातीत उतरते आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊ शकतो. घाटाच्या वळणांना ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगा, पाय अजून कच्चा आहे. मध्ये थांबवून पाणी दाखवा. संध्याकाळी उशिरा निघालात तर ऊनही लागणार नाही. घरी आल्यावर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दुसऱ्या जनावरांपासून वेगळा, पण त्यांना बघू शकेल असा ठेवा.

मोतद्दार (खटाव)

एकटा घोडा राहत नाही, झुरतो. म्हशी दिसत राहिल्या तरी बराच फरक पडतो, आणि तट्टू येईपर्यंत एक शेळी त्याच्याजवळ बांध, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस झाल्यावर. रेसच्या तबेल्यात सुद्धा चिडक्या घोड्याजवळ शेळी ठेवत्यात, ती दिसली नाही तर चंदीला तोंड लावत नाहीत काही घोडी.

आणि एक काम कर. मालकाशी बोलून झालं की त्याच्या सईसाशी बोल, चहा पाज, निवांत बस. कुठल्या हातानं चारतो, पाणी कधी देतो, कुठल्या आवाजाला घाबरतो, खरारा करताना कुठं हात लावला की कान मागं टाकतो, काय म्हणून हाक मारतो, हे कागदावर कुठं नसतं. त्याचा फोन नंबर घेऊन ये. पहिल्या आठवड्यात घोडं खाईना झालं तर त्याला फोन लाव, आणि स्पीकरवर टाकून त्याचा आवाज घोड्याला ऐकव.